नखाएवढी भाजी

डायलिसिसच्या खोलीत माणसं कशाबद्दल बोलतात, असं मला बाहेरचे लोक विचारतात. त्यांना वाटतं, देवाबद्दल बोलत असतील, नाहीतर मरणाबद्दल. खामगावच्या एका दवाखान्यात त्या खोलीची नर्स म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, तेव्हा खात्रीने सांगते, ती माणसं जेवणाबद्दल बोलतात. हातात दोन जाड सुया, उशाशी रक्त फिरवणारं मशीन, आणि तोंडात वांग्याची भाजी. म्हणजे भाजीचं नाव हो. खरी भाजी कुठली मिळायला!

कोणी म्हणायचं, आमच्याकडे ढेमशात शेंगदाण्याचा कूट असा सढळ हाताने घालतात. पलीकडच्या खाटेवरून लगेच उत्तर यायचं, कूट नाही, तीळ. मग ढेमशावरून चार खाटांचं भांडण जुंपायचं आणि मशीनचा भोंगा वाजला तरी कोणाचं लक्ष नसायचं. ज्यांना जे खायला मनाई असते, त्यांना त्याच्या फोडणीचा आवाजसुद्धा आठवतो, हे मी तिथे पाहिलं.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. ती बंद पडली की रक्तातली घाण आणि जादाचं पाणी आतच साचत जातं. मग आठवड्यातून दोनदा, कोणाला तीनदा, येऊन चार तास खाटेवर पडायचं. रक्त मशीनमधून जातं आणि स्वच्छ होऊन परत येतं. पण मशीनचं काम तेवढ्या चार तासांपुरतं. घरी गेल्यावर आत काय साचणार, हे माणूस काय खातो त्यावर ठरतं. त्यात सगळ्यात दगाबाज म्हणजे पोटॅशियम. ते वाढलं तर ताप येत नाही, दुखत नाही, बऱ्याचदा काही कळतही नाही. हृदय चालता चालता थबकतं. आणि ते असतं कुठे? डॉक्टर आणि आया जे जे चांगलं म्हणून आपल्याला जन्मभर खाऊ घालतात, त्यात. केळी, नारळपाणी, टमाटे, आलू, पालक, मेथी.

सगळंच बंद केलं तर माणूस जगणार कशावर? म्हणून एक युक्ती असते. भाजी सोलायची, बारीक चिरायची, भरपूर कोमट पाण्यात दोनेक तास भिजत ठेवायची. पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते पाणी फेकायचं, भाजी नव्या पाण्यात उकडायची, तेही पाणी फेकायचं, आणि मग फोडणी. चव जाते, पण जीव राहतो. यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर चिरणं. तुकडा मोठा असला तर आतलं आतच राहतं. आमच्या वऱ्हाडात वांगं चार चिरा देऊन अख्खं टाकतात, आलूच्या फोडी बोराएवढ्या करतात. मी सांगायची, "नखाएवढी चिरा. अंगठ्याच्या नाही, करंगळीच्या." तोंडाने सांगून कोणाला पटायचं नाही, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात मी एक टेबल मांडलं होतं. त्यावर सुरी, चिरायची पाटी आणि एक दुधी. नवीन पेशंट आला की त्याच्या घरच्यांना तिथे उभं करून चिरायला लावायची आणि चुकलं की ओरडायची. माझं ओरडणं प्रसिद्ध होतं. औषधाइतकाच त्याचाही उपयोग होतो, असं आमचे डॉक्टर म्हणायचे.

एक तेलगिरणीवाले शेटजी होते. त्यांच्या घरी स्वयंपाकी. त्याने चिरलेली भाजी डब्यात घालून ते मला दाखवायला आणायचे आणि खाटेवर चढण्याआधी डबा उघडून विचारायचे, "मॅडम, पास?" मी बहुतेक वेळा नापास करायची. एकदा स्वयंपाकी गावी गेला, तेव्हा अंगठ्याला पट्टी बांधून आले. डब्यातला एक तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. काही नखाएवढे, काही खारकेएवढे. चेहरा मात्र बोर्डात पहिला आल्यासारखा. मी पास केलं. त्यानंतर त्यांनी स्वयंपाक्याला भाजीला हात लावू दिला नाही.

शेटजींचा तो चेहरा मला परका नव्हता. मला स्वतःला भाजी चिरायला फार आवडतं. दिवसभर मी माणसांच्या हातात सुया घालायची. कितीही हलक्या हाताने घाला, जाड सुई ती, दुखायचंच. तोंड फिरवून घेतलेली ती माणसं घरी येईपर्यंत डोळ्यांसमोरून जायची नाहीत. घरी आले, हातपाय धुतले की मी विळी घेऊन खाली बसायची. सुरुवातीला डोकं दवाखान्यातच असायचं. मग दोडक्याच्या शिरा निघायला लागल्या, तो ओला हिरवा वास आला, चकत्या परातीत पडायला लागल्या की खांदे आपोआप खाली यायचे. ज्याने कोणाला दुखत नाही असं काम दिवसात पहिल्यांदाच माझ्या हातून होत असायचं. नवरा कधी म्हणालाच, "आण, मी चिरतो," तर मी त्याला कपडे वाळत घालायला पाठवायची. भाजी मी कोणाला दिली नाही.

म्हणूनच कौसल्याबाईंची विळी काढून घेताना मला काय वाटलं असेल, ते समजून घ्या.

कौसल्याबाई संग्रामपूरकडच्या. तो भाग खारपाणपट्ट्यातला. बोअर मारा, विहीर खणा, खारंच पाणी लागतं. आजार पाण्याने होतो की आणखी कशाने, ते मोठे लोक ठरवतील. त्या गावांकडून आमच्याकडे माणसं यायची एवढं मला माहीत आहे. बाई अंगाने काटकुळी आणि जिभेने तिखट. माझ्या ओरडण्याला उलट उत्तर देणारी त्या खोलीत ती एकटीच. मी म्हणायची, "मावशी, दोन किलो पाणी जास्त चढलं." ती म्हणायची, "मंग काढा ना, मशीन कायले ठेवली?" तिचे यजमान पुंडलिकभाऊ गावात पिठाची चक्की चालवायचे. चक्कीच्या आवाजात जन्म गेला म्हणून असेल, बोलायचे मोठ्याने, पण फार थोडं. डायलिसिसच्या दिवशी चक्कीला कुलूप घालून बायकोबरोबर यायचे आणि चार तास बाहेरच्या बाकावर ताठ बसून राहायचे.

डायलिसिससाठी मनगटाजवळ एक छोटं ऑपरेशन करून रक्ताची नस जाड करतात. त्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. कौसल्याबाईंच्या त्या हाताची बोटं मात्र गार पडायची, बधिर व्हायची. असंच एकदा डायलिसिसहून घरी गेल्यावर ती संध्याकाळी विळीवर बसली आणि बोट कापलं. तिला कळलंच नाही. परात लाल झाली तेव्हा कळलं. मशीनवर रक्त गोठू नये म्हणून आम्ही औषध देतो, त्यामुळे त्या दिवशी रक्त लवकर थांबत नाही. शेजाऱ्याच्या गाडीत घालून शेगावला न्यावं लागलं. पुढच्या खेपेला ती बोटाला ही मोठी पट्टी बांधून आली.

"आजपासून विळी बंद," मी म्हणाले.

"बंद म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद. हात लावायचा नाई."

एरवी फाडकन उत्तर देणारी बाई हळू आवाजात म्हणाली, "मंग मी घरात करू काय, सिस्टर? पाहुनीसारखी बसून राहू?"

दारात उभे असलेले पुंडलिकभाऊ खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "मी चिरतो."

सगळ्या खाटांवर हशा पिकला. कौसल्याबाईसुद्धा हसली. "त्याहिले ढेमसं अन् वांगं सारखंच दिसते," ती शेजारणीला म्हणाली.

पुंडलिकभाऊंना मी टेबलापाशी उभं केलं. पहिल्या दुधीचं त्यांनी जे केलं, त्याला चिरणं म्हणत नाहीत, लाकडं फोडणं म्हणतात. मी ओरडले. त्यांनी दुसरी दुधी मागितली. पुढच्या खेपेला येताना ते स्वतःच दोन दुधी घेऊन आले आणि बायकोला खाटेवर पोचवून बाकावर बसण्याऐवजी टेबलापाशी गेले. मोठी, खरबरीत बोटं, नखांच्या कडांत पीठ. दुधी ते फार जपून धरायचे. काही आठवड्यांत तुकडे असे पडायला लागले की मी नव्या लोकांना म्हणायची, यांच्याकडे पाहा.

एकदा मी विचारलं, "भाऊ, कंटाळा नाई येत?"

"नाई. चक्कीत काईबी टाकलं तरी पीठच होते, सिस्टर. इथी एकेक तुकडा येगळा दिसते. साजरं वाटते."

घरी ते तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसून चिरायचे, ती वरून सूचना द्यायची. मग सगळं उचलून आतल्या स्वयंपाकघरात न्यायचे आणि पुढचं तिथे करायचे. कौसल्याबाई आमच्या खोलीत त्याच्या तक्रारी करायची आणि तक्रार करताना तिचा चेहरा खुलायचा. "काल गवार चिरली त्याहिनं. एवढी एवढी. चिमनीच्या चोचीत मावन. अन् चिरता चिरता बोलत राह्यतात वो. इतक्या वर्षांत नाई बोलले तितकं बोलून राह्यले. मले आता समजलं, त्याहिले पत्ताकोबी आवडतच नाई. आजलोक मुकाट्यानं खाल्ली." एवढं बोलून तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीबी कधी इचारलं नाई."

सगळं चांगलं चाललं होतं, आणि नेमकं तेव्हाच तिचं पोटॅशियम चढायला लागलं.

आधी थोडं. आम्ही दुर्लक्ष केलं नाही, पण घाबरलोही नाही. पुढच्या तपासणीला आणखी चढलं. चोरून खाणं आमच्या खोलीतली नेहमीची गोष्ट. एका गृहस्थांनी केळी न्हाणीघरात लपवली होती. एक आजी नातवाचा नारळ प्यायच्या. तेव्हा सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, की कौसल्याबाई चोरून काहीतरी खाते. मी आधी गोडीने विचारलं, मग ओरडून. ती पहिल्यांदा चिडली, मग रडकुंडीला आली.

"मी चोरी केली नाई, सिस्टर. देवाची आन. त्याहिनं चिरलेलं सोडून घासभर काई खाल्लं नाई मी."

दारातून पुंडलिकभाऊ म्हणाले, "नाई खात ते. मी असतो ना घरी."

पुढे एका सकाळी तिला उचलूनच आणलं. हातपाय गळालेले, हृदयाचे ठोके चुकत चाललेले. इंजेक्शनं दिली, तातडीने मशीन लावलं. तास-दीड तासाने डोळे उघडले. पुंडलिकभाऊ बाहेर भिंतीला टेकून उभे होते. तिने मला जवळ बोलावलं.

"सिस्टर, आता पुरे करा हे."

"काय पुरे?"

"हे येनं-जानं. थो मानूस चक्की बंद ठेवते. तास तास चिरत बसते, डोये दुखते त्याचे, तरी बसते. इतकं करूनबी आकडा चढूनच राह्यला, म्हंजे माह्यंच संपलं. पुढच्या खेपेले मी येत नाई. त्याहिले आताच नका सांगू."

असं बोलणारे पेशंट मी पुष्कळ पाहिले. जे आरडाओरडा करून सांगतात, ते हमखास परत येतात. जे असं हळूच सांगतात, ते येत नाहीत. आणि डायलिसिस थांबवलं तर माणूस फार दिवस काढत नाही. ही बाई हरल्यामुळे जाणार नव्हती, तर नवऱ्याचे कष्ट वाया जाताना पाहवत नव्हते म्हणून जाणार होती. मला ते सहन होईना. मी तिला एवढंच म्हणाले, "परवा माझी सुट्टी आहे. मी तुमच्याकडे जेवायला येते. मंग ठरवा काय ते."

"या ना," ती म्हणाली. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर तिला तेवढ्यातही बरं वाटलं.

शेगावहून दुसरी एसटी धरून, पुढे ऑटोने मी गेले. पुढच्या खोलीत चक्की, मधे तिची खाट, मागे स्वयंपाकघर. पुंडलिकभाऊंनी परातीत दोडकी आणि दुधी मांडून ठेवली होती. ते सुरी-पाटी घेऊन बसले. मला तिने आपली विळी काढून दिली. "बसा, सिस्टर. धार असंल अजून." मी बसले. चिरण्याचा आवाज तेवढा. ती खाटेच्या कडेला येऊन आमच्या हातांकडे पाहत होती. माझी एक चकती जाड पडली तर म्हणाली, "तुमी नापास." कशासाठी आले आहे, तेही मी थोडा वेळ विसरले.

भाजी नखाएवढीच होती. माझ्याहून बारीक पुंडलिकभाऊंची. मग ती आत नेऊन त्यांनी एका मोठ्या गंजात, म्हणजे उभट भांड्यात, कोमट पाणी घेतलं, भाजी त्यात सोडली, वर झाकण. वेळ मोजून झाल्यावर झाऱ्याने भाजी काढून घेतली, पुन्हा धुतली. मी मागे उभी राहून एकेक गोष्ट पाहत होते. चूक म्हणून सापडेना. त्यांनी गंजावर स्वच्छ फडकं टाकून तो बाजूला सरकवला. मग डाळ धुतली, पातेल्यात घातली, आणि गंज उचलून त्यातलं पाणी डाळीत ओतलं.

"भाऊ," मी म्हणाले, "थे पानी कोनतं?"

"हेच. भाजीचं."

"डाळीत?"

"हाव. गोडं पानी हाय ना, सिस्टर. इकतच्या कॅनचं. आमच्या बोअरच्या पान्यात डाळच शिजत नाई. कनीकबी याच्यातच भिजवतो." मग जरा लाजून म्हणाले, "अन् भाजीचा कस सारा याच्यातच उतरते. भाजी त बिचारी धुऊन धुऊन फिकी होते. म्हनलं, कस तरी तिच्या पोटात जावा."

पाणी फेका, हे त्यांनी माझ्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. पण त्या गावात हात धुतलेलं पाणीही झाडाला जातं. तिथे विकतचं गोडं पाणी फेका म्हटलं तर माणूस ते ऐकतो, मान हलवतो आणि घरी येऊन फेकत नाही. यात अडाणीपणा नव्हता, जन्माची सवय होती. पण सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्यांनी भाजी ओबडधोबड चिरली असती, तर इतकं नुकसान झालं नसतं. भाजी जितकी बारीक, तितकं पोटॅशियम पाण्यात जास्त. तास तास बसून, डोळे दुखवून, त्यांनी ते भाजीतून काढलं आणि वरणात घालून तिला वाढलं. हात जसजसा बसत गेला, तसतसा आकडा चढत गेला. हे त्या माणसाला सांगायचं कसं?

"काऊन?" ते म्हणाले. माझा चेहरा त्यांनी पाहिला असणार. "काय झालं? त्या पान्यात काय हाय?"

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला गंज काढून घेतला.

"थे मीच सांगतलं त्याहिले."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. कौसल्याबाई भिंतीला धरधरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती. विळी बंद झाल्यापासून ती तिथवर आलीच नव्हती. माझ्यासाठी आली असावी. तिने गंजाकडे पाहिलं, डाळीच्या पातेल्याकडे पाहिलं. माझी सगळी प्रवचनं तिने खाटेवर पडून पाठ केली होती. तिला एका नजरेत कळलं होतं.

"मीच म्हनलं, पानी फेकू नका. इकतचं हाय, वरनात टाका. सिस्टर ओरडतीन म्हनून तुमाले नाई सांगतलं."

ती खोटं बोलत होती. हे तिला आधी माहीत असतं, तर आकडा का चढतो म्हणून दोन दिवसांपूर्वी तिने जीव सोडायची तयारी केली नसती. ती माझ्याकडे पाहत होती. तशी विनवणी मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती, सुया टोचतानाही नाही.

मग मी ओरडले. नोकरीत ओरडले नसेन इतकं ओरडले, आणि सगळं तिच्यावर. "अक्कल हाय का तुमाले, मावशी? इतके दिवस माह्या खोलीत पडून ऐकलं काय? जे बाहेर काढाले भाजी भिजवायची, थेच पानी वरनात टाकाले सांगतलं? थे पोटॅशियम हाय, पोटॅशियम! त्याच्यानंच परवा जीव जात होता तुमचा. तो मानूस बिचारा मन लावून चिरते, अन् तुमी त्याच्या कामाची माती करता!" पाण्यात काय असतं, ते कुठे जातं, आकडा का चढला, सगळं मी तिच्यावर ओरडता ओरडता सांगून टाकलं, म्हणजे भाऊंना वेगळं सांगायला नको. ती दाराच्या चौकटीला टेकून मान खाली घालून ऐकत होती. एकदाही उलटून बोलली नाही.

शेवटी म्हणाली, "चुकलं माह्यं, सिस्टर. पुन्हा नाई करनार."

पुंडलिकभाऊंनी गॅस बंद केला. पातेलं खाली उतरवलं आणि तिला हाताला धरून खाटेवर नेऊन बसवलं. मी डाळीसाठी नवं पाणी घेतलं. तेव्हाच मी ठरवून दिलं की भाजीचं पाणी नालीत टाकायचं नाही, मागच्या लिंबाच्या झाडाला घालायचं, म्हणजे कोणाच्या जिवाला लागणार नाही. जेवताना कौसल्याबाई म्हणाली, "मंग पुढच्या खेपेले सकाळच्या पाळीत घ्या मले. दुपारी ऊन लागते." ती येणार होती. वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला राहू नये म्हणून इथेच सांगून टाकते, की पुढच्या तपासणीत आकडा उतरला, आणि त्यानंतर ती बरीच वर्षं आमच्याकडे येत राहिली, भांडत राहिली. त्या दिवसानंतर मीही नव्या माणसाला सुरी देण्याआधी विचारायला लागले, तुमच्याकडे पाणी कुठून येतं?

दुपारी पुंडलिकभाऊ मला फाट्यावर सोडायला आले. एसटीला वेळ होता. ते माझ्यापासून थोडं अंतर ठेवून रस्त्याकडे पाहत उभे होते. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी दोनदा तोंड पुसलं. घाम नव्हता.

"सिस्टर," ते म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला. "तिनं मले काईच सांगतलं नव्हतं. पान्याचं. माह्या मनानंच केलं मी थे."

"माहीत हाय, भाऊ."

"मंग तिले काऊन बोलल्या इतकं?"

"तिले बोलून घ्यायचं होतं म्हनून. विळी गेली तिची, चूल गेली. तुमच्यासाठी कराले तिच्यापाशी दुसरं काई राह्यलं नाई, भाऊ. एवढं करू द्या तिले."

ते खाली वाकून चपलेतला खडा काढत राहिले. तो निघाल्यावरही वाकलेलेच होते. लांब वळणावर एसटी दिसली तेव्हा सरळ झाले, दुपट्टा नीट केला.

"मंग जातो मी," ते म्हणाले. "घरी जाऊन तिले रागावतो थोडंसं."

"आता कायले, भाऊ?"

"काईच बोललो नाई, त समजन तिले."